किनुएचे बूट अजून ओलेच आहेत

हिनोसावा, मार्चची आठ तारीख, गुरुवार, पाहुणे डोंगरावर गेल्यावर

माझ्या थोरल्या ताईला धाकट्या मासुएचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. रविवारपासून कंबर सरळ होत नाही. का ते पुढे येईल.) पोस्टातल्या बाई म्हणाल्या, शहरातल्या माणसाला पत्र लिहायचं तर आधी हवेबद्दल चार ओळी गोड लिहाव्या लागतात. तर लिहिते. बर्फ पडतंय. काल पडत होतं. परवाही पडत होतं. झाली हवा. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा उजवा कान कसा आहे? त्या कानाने ऐकू येत नाही हे कळल्यापासून तू मुद्दाम त्याच बाजूने बोलतेस, असं तू नव्या वर्षाच्या कार्डात लिहिलं होतंस. ते आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, तर दोन दिवस जेवताना ते माझ्या कुठल्या बाजूला बसावं याचाच विचार करत होते.

तुझ्याकडे काही काम आहे म्हणून लिहीत नाही. सहज लिहितेय. आता तू म्हणशील, मासुए आणि सहज पत्र लिहील? मला लिहायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे, आणि तो कुणामुळे लागतो तेही माहीत आहे. आपल्या घरी पेंढ्याच्या बुटांचा एकच जोड होता. तू थोरली म्हणून तो घालून तू शाळेत जायचीस, आणि दुपारी तू परत आलीस की तोच घालून मी कोंबड्यांकडे जायची. शाळा सकाळची आणि सकाळी बूट तुझ्या पायात, म्हणजे हिवाळ्यात मला शाळा नाही. आणि आपल्या डोंगरात हिवाळा पाच महिने. मी तक्रार करत नाही. तू आज ओसाकात खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचतेस आणि मी इथे एकेक अक्षर जमिनीतून मुळा उपटावा तसं उपटते, एवढंच सांगितलं. एक मात्र खरं, मला बूट नेहमी गरम मिळायचे.

आता बुटांवर आलेच आहे तर बुटांचंच सांगते. किनुए तुला आठवत असेल. माझी धाकटी जाऊ. (माझ्या लग्नानंतर पहिल्याच भेटीत तुझ्या किमोनोचा काठ विरलाय म्हणून जिने चारचौघांत सांगितलं, तीच.) आमचं घर थोरल्या भावाचं, तिचं धाकट्याचं. दोघींकडे बर्फावर घसरायला येणारे पाहुणे उतरतात, मध्ये एक भिंत आणि एक मुळ्याचा वाफा. शेणखत घातलं आम्ही, मुळे तिचे मोठे. आमच्या गरम पाण्याच्या हौदाला एक खिडकी, तिच्या हौदाला दोन, आणि दुसरीतून डोंगर दिसतो. तिच्या भाताला वास येतो म्हणे चांगला. तांदूळ एकाच शेतातला, ताई! मला हेवा वाटत नाही. मी फक्त मोजते.

पण पाटीचं मात्र लागतं मला. बस थांबते तिथे गावाच्या संघाने एक लांब लाकडी पाटी लावली आहे, गावातल्या बावीस घरांची नावं वरून खाली. खोली न ठरवता आलेला पाहुणा बसमधून उतरतो, हाताची बोटं गारठलेली, पाटीवरचं पहिलं नाव वाचतो आणि तिकडे चालू लागतो. चौथं नाव कुणी वाचत नाही. आणि पहिलं नाव कुणाचं, ते दर मार्चमध्ये घरमालकिणींच्या शर्यतीत ठरतं. मालकीण स्कीवरून वरच्या देवदारापासून खालच्या गोठ्यापर्यंत उतरते, शिबाहारा आजोबा हातात घड्याळ घेऊन उभे, जिचा वेळ सगळ्यांत कमी तिचं घर वर्षभर वर. पहिल्या दोघी जिल्ह्याच्या शर्यतीलाही जातात. गेली तीन वर्षं पहिलं नाव किनुएच्या घराचं आहे. थोरलं घर चौथं! सासूबाई असत्या तर त्यांनी ती पाटी सरपणात घातली असती. ह्या वर्षीही चौथे राहिलो असतो तर आमच्या ह्यांनी दोन खोल्या बंद करून पुन्हा कोळसा पाडायला डोंगरात जायचं ठरवलं होतं, आणि त्या धुरात मला पुन्हा जायचं नव्हतं.

मी हरायची ती बुटांमुळे. हे मी पहिल्या वर्षी सांगितलं, दुसऱ्या वर्षी सांगितलं, तिसऱ्या वर्षी मी तोंड उघडायच्या आत सगळ्या बायकांनी एका सुरात सांगितलं. मी आमच्या ह्यांचे जुने चामड्याचे बूट घालते, आत दोन लोकरी मोजे आणि पुढे वर्तमानपत्राचा बोळा. वळणावर मी वळते, पाय वळतो, मोजा वळतो, बूट मागाहून विचार करून वळतो आणि स्की तर कधीकधी वळतच नाही. गेल्या वर्षी सरावाला तर गोठ्याऐवजी मी पोस्टात पोचले. आता गावात कुणाचंही काही बिघडलं की म्हणतात, मासुएचे बूट! भात करपला, मासुएचे बूट. बस चुकली, मासुएचे बूट. शाळेच्या मास्तरांच्या मुलीला मुलगा बघायला आला आणि नकार देऊन गेला, तेव्हासुद्धा तेच. मुलगी स्वतः हसत होती.

म्हणून ह्या वर्षी म्हटलं, काय वाटेल ते होवो, पायाला बसणारे बूट मिळवायचेच. जानेवारीत खाली शहरात ओगिसोच्या दुकानात गेले. आता नवे प्लास्टिकचे बूट निघालेत, तुला माहीत असेल, वर लोखंडी बकला, चिलखतासारखे. ओगिसोने माझा पाय बघितला आणि आपल्या बायकोला हाक मारून तिलाही दाखवला. (दाखवण्यासारखं काय त्यात? आपला पाय माहीत आहे तुला. पुढून फावडं, वरून डोंगर, आणि डाव्या करंगळीला तो गोळा.) बायकांचे बूट आणले, त्यात माझी बोटं गेली आणि उरलेली मी बाहेर राहिले. पुरुषांचे आणले, रुंदी बरी पण पुढे इतकी जागा की तिथे एखादं मांजर झोपलं असतं. मी म्हटलं, हेच द्या, आरामशीर आहेत. तर तो मेला मान हलवून म्हणतो, आरामशीर वाटला तो बूट खोटा, पहिल्या दिवशी जरा आवळला पाहिजे, मग सवय होते. मी म्हटलं, मला लग्न करून देतानाही हेच सांगितलं होतं. त्याची बायको आत जाऊन हसली. तो नाही हसला. शेवटी त्याने आठ वर्षांच्या मुलांचे बूट आणले, मुलांच्या बुटांना रुंदी असते म्हणून, आणि त्यांच्यावर ससा काढलेला होता. मी उठले.

परतीच्या बसमध्ये मला अक्कल आली. माझ्या घरात रोज तीस जोड बूट येतात आणि मी ते शोधायला शहरात कशाला गेले? पाहुणे चार वाजता डोंगरावरून येतात, बूट वाळवायच्या खोलीत ठेवतात आणि आंघोळीला जातात. गरम पाण्यात उतरलेला माणूस पाऊण तास तरी बाहेर येत नाही. तो पाऊण तास माझा. मी रोज दार लोटून घ्यायची आणि सुरू करायची. ताई, तीन आठवड्यांत मी सगळ्या जपानचे बूट घातले असतील. टोकियोचे अरुंद आहेत. (माणसंही.) निइगाताचे बरे, पण त्यांना खाऱ्या माशांचा वास. एका कॉलेजातल्या पोराच्या बुटात प्रेमपत्र होतं, ते मी वाचलं नाही, म्हणजे अक्षर फार बारीक होतं. आणि मग नागोयाच्या एका जाड्या शाळामास्तरांचे काळे बूट आले. पाय असा गेला की मला वाटलं मिळाले! बकला लावल्या, चारही. दोन पावलं टाकली. टाच ढिली, घोटा आवळलेला, करंगळी ओरडतेय. म्हणजे हेही नाहीत. काढायला वाकले तर बकल उघडेना. वरची उघडेना म्हणून खालची ओढली, तर ती आणखी एक दात पुढे जाऊन बसली. आणि दार उघडलं. मास्तर. आंघोळीच्या झग्यात, लालबुंद, चष्म्यावर वाफ. बुटात घड्याळ विसरले होते. (ते माझ्या टाचेखाली होतं. तरीच.)

मी म्हटलं, वाळलेत का बघतेय. मास्तर म्हणाले, अरेरे, माझ्या बुटांनी तुम्हाला फार त्रास दिला, आणि वाकले. ते वाकले म्हणून मला वाकावं लागलं. आता ह्या बुटांत घोटा वाकत नाही, ताई. मी नमस्काराला वाकले ती सरळ लाकडी फळीसारखी पुढे गेले आणि मास्तरांच्या पोटावर टेकले. त्यांनी मला पुन्हा उभं केलं, वासाबद्दल माझी माफी मागितली, गुडघे टेकून चारही बकला उघडल्या, घड्याळ घेतलं, पुन्हा वाकले आणि गेले. एक शब्द वाकडा नाही. संध्याकाळी मी त्यांच्या ताटात माशाचे दोन तुकडे जास्त वाढले. तर त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू तुकडे मी तिच्या अंगाचे काढलेत.

ह्या सगळ्या काळात किनुए काय करत होती? तिच्याकडे बूट होते! नव्या वर्षाला तिच्या भावाने तिला ओसाकाला नेलं आणि तिथे, तुमच्या स्टेशनसमोरच्या मोठ्या दुकानात, पाचव्या मजल्यावर, एका माणसाने म्हणे तिचा पाय कागदावर काढला, बोटाबोटाला हात लावून विचारलं, बूट आतून खरवडून दिला. लाल बूट, पांढरी पट्टी. हे तिने मला एकदा सांगितलं असतं तर चाललं असतं. तिने वाटीभर मिसो मागायला येऊन सांगितलं, मिसो परत द्यायला येऊन सांगितलं, आणि मिसो कसा होता हे सांगायला येऊन सांगितलं. वर म्हणते, माझे पाय पहिल्यापासून बाहुलीसारखे, म्हणून मला बूट मिळणं फार कठीण, जाऊबाई, तुमचं बरं आहे. तिचं ते छोटी छोटी पावलं टाकत नाजूक चालणं तू बघितलं आहेस. वीस वर्षं गावातल्या सगळ्या पुरुषांनी ते बघितलं आहे. आमच्या ह्यांनीही. मी बघितलं म्हणून मला माहीत.

मागच्या महिन्याच्या शेवटी तिच्या बूट वाळवायच्या खोलीतलं धुराडं बर्फाने बुजलं. खोलीभर धूर, पाहुणे खोकतायत. मग काय, आली थोरल्या घरी. तिच्याकडचे सगळे बूट दोन दिवस माझ्याकडे वाळायला. त्या रांगेच्या शेवटी लाल जोड. ताई, मला तो घालायचा नव्हता. शपथेवर सांगते. मला फक्त बाहुलीचा बूट केवढा असतो ते बघायचं होतं. हातात धरला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुढून रुंद. आत हात घातला. डाव्या बुटात करंगळीच्या जागी एक खळगा खरवडलेला, बरोबर एका गोळ्याएवढा. मी खाली बसले, पाय घातला, बकला लावल्या. काही चावलं नाही, काही हललं नाही. टाच बसली, चवडा बसला, गोळा आपल्या खळग्यात जाऊन बसला. माझा पाय, ताई! बाहुली कसली, तिचा पाय माझाच पाय आहे! वीस वर्षं ती दोन अंक लहान जोडे घालून फिरली, आणि मी त्या नाजूक चालीवर जळत बसले. ती चाल नव्हती. तिला जोडे चावत होते.

मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला दारात किनुए उभी.

“जाऊबाई, वाळले का हो बूट?”

“तेच बघतेय.”

“पायाने?”

ती माझ्या पायांकडे बघत होती आणि मी तिच्या पायांकडे. तिला कळलं की मला कळलंय. तोंड जरा लाल झालं, मग तिने ते हसण्यात घातलं. म्हणाली, “छान बसलेत की तुम्हाला. रविवारी शर्यतीत घाला ना! माझा नंबर सातवा, तुमचा अकरावा. मी उतरले की वर पाठवून देते. त्यात काय मोठंसं.”

आता इथे काय म्हणायचं असतं ते लहान मूलही जाणतं. छे छे म्हणायचं. तिने पुन्हा म्हणायचं, तू पुन्हा छे छे म्हणायचं, तिसऱ्यांदा तिने जरा मोठ्याने म्हणायचं आणि तू हात जोडून नको म्हणायचं, मग दोघींनी चहा प्यायचा. कुणी द्यायचं नसतं आणि कुणी घ्यायचं नसतं. मला एवढा दम कुठला? मी म्हटलं, “बरं. घालते.”

ताई, तिचं तोंड बघायला हवं होतंस. ओठांपर्यंत नेलेला पेला कुणी हातातून काढून घ्यावा तसं. पण ती किनुए आहे. दारातून जाता जाता मान वळवून म्हणाली, “घालाच. म्हणजे ह्या वर्षी तरी बुटांवर ढकलायला नको.”

इतके दिवस बूट नव्हते हे बरं होतं गं. आता हरले तर फक्त मी हरणार.

रविवारी ऊन होतं. सगळं गाव गोठ्यापाशी, बायका वर देवदाराखाली रांगेत. किनुए सातवी गेली. एक्कावन्न सेकंद, तिचं ह्या तीन वर्षांतलं सगळ्यांत चांगलं. (आजोबांनी कर्ण्यातून दोनदा ओरडून सांगितलं. एकदा पुरे होतं.) मग ती खाली पेंढ्याच्या चटईवर बसली, पाय शिबाहारा आजोबांच्या मफलरीत गुंडाळले, पूर्ण झाकून, आणि बूट वर पाठवले. ते कसे आले ऐक. डोंगरावर जाणाऱ्या लिफ्टची एक खुर्ची थांबवून त्यांना शेजारी शेजारी बसवलं होतं. लाल बूट, एकटे, उन्हात डुलत, पाहुण्यांसारखे वर येतायत आणि खालून लोक टाळ्या वाजवतायत! बुटांना, ताई. तोपर्यंत मला कुणी तेवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी नुसत्या मोज्यांवर बर्फात उभी. खुर्ची आली, बूट उतरवले, पाय घातला.

आतून गरम होते.

तू आठवलीस. (रागानेच. गैरसमज नको.) मग नाव पुकारलं आणि मी सुटले. काय सांगू तुला. आजवर मी स्कीला ओरडून सांगायची आणि ती ऐकायची नाही. त्या दिवशी मनात आणायच्या आधी वळत होती. देवदार गेला, मोठा खडक गेला, ते पोस्टाकडे जाणारं वळण आलं, तिथे तर गावातली निम्मी पोरं मी येणार म्हणून आधीच जाऊन उभी होती. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंबर तिथेच धरली, पण गेले. गोठ्याशी थांबले तर शिबाहारा आजोबा घड्याळाकडे बघतायत, मग बायकोकडे देतायत, मग तिच्याकडून परत घेतायत. पन्नास सेकंद. एका सेकंदाने, ताई! थोरलं घर पहिलं!

आता तू म्हणशील, मग रडतेस कशाला. ऐक. किनुए उठून, ती मफलर तशीच पायाला गुंडाळलेली, उड्या मारत माझ्यापर्यंत आली, सगळ्यांसमोर खोल वाकली आणि म्हणाली, “अभिनंदन, जाऊबाई. बूट फार सुंदर उतरले.” झालं. तेवढं वाक्य गावाला पुरलं. सोमवारी चक्कीत दळण लवकर झालं, तर चक्कीवाला म्हणतो, किनुएचे बूट! शाळेच्या मास्तरांच्या मुलीचं लग्न जमलं, किनुएचे बूट! संघाच्या माणसाने फोटो काढून पाटीशेजारी लावलाय, त्यात माझं तोंड टोपीत गेलंय, घराचं नाव खांबाआड गेलंय आणि बूट मात्र बकलांसकट स्वच्छ दिसतात. हरले तेव्हा बूट माझे होते, जिंकले तर बूट तिचे. पाटीवर आमचं नाव पहिलं आहे, काल पाच पाहुणे त्यावरून आले, आमच्या ह्यांनी कोळशाची गोष्ट पुन्हा काढलेली नाही. ते सगळं खरं. पण मी बस थांबते तिथून येताना मान खाली घालून येते.

तर असं सगळं क्षेम आहे. दाजींना सांग, डावा कान तरी जपा, आणि तू गुडघ्यांना आल्याचं पाणी लाव. ह्या वर्षी पाल्याचं लोणचं चांगलं उतरलंय, एक बरणी वेगळी काढून ठेवली आहे तुझ्यासाठी. दोन काढते. तुझ्याकडे काही काम नाही, हे वर लिहिलंच आहे.

तुझी धाकटी,
मासुए

ता. क. बूट अजून माझ्याकडेच आहेत. किनुए सोमवारी आली, वाळले का? म्हटलं, अजून ओले आहेत. मंगळवारी आली. ओलेच. काल येऊन म्हणते, “प्लास्टिक पाणी पितं का हो, जाऊबाई?” मी म्हटलं, लाल पितं.

ता. क. आता खरं सांगते, तू मोठी आहेस, शिव्या दे पण वाचून झाल्यावर दे. रविवारी दुपारी बूट घरी आणले. घेतलेली वस्तू कोरडी करून द्यावी आणि रिकामी देऊ नये, हे आईनेच शिकवलंय आपल्याला. म्हणून प्रत्येक बुटात साखरेतल्या जर्दाळूंची एक पुडी भरली, चांगल्यातली, आणि बूट वाळायला टांगले. कुठे टांगले? जिथे आई पेंढ्याचे बूट टांगायची तिथेच, मधल्या खोलीत, चुलीवरच्या आकड्याला, निखाऱ्यापासून हातभर. चामड्याचेही मी तिथेच टांगत आले. तीस वर्षं. मग पाटीवर नाव चढवायला गेले आणि दोन घोट घेऊन आले. ताई, चामडं तसं करत नाही. डावा बूट आता बसलेल्या बेडकासारखा आहे, उजवा झोपलेल्या. बकला आत वळून दातांसारख्या दिसतात. जर्दाळू मात्र उत्तम झालेत, पण ते आता बुटाचेच आहेत, निघत नाहीत.

ता. क. तर तू स्टेशनसमोरच्या त्या दुकानात, पाचव्या मजल्यावर, उद्याच्या उद्या जा. लाल, पांढरी पट्टी. तो माणूस पाय कागदावर काढेल, तर तुझा काढू दे. पाय तोच आहे, आईने एकाच साच्यातून काढलेत आपले. आणि किनुएलाही कुठून तरी तोच मिळालाय. डाव्या करंगळीशी खळगा पाडून घे आणि दुकानात दोन फेऱ्या मार. काही चावलं नाही, काही हललं नाही, तर ते बरोबर. पैसे मी पाठवते. जिल्ह्याची शर्यत पंचवीस तारखेला आहे, तिला आम्ही दोघीही जायच्या आहोत, म्हणून दोन जोड घे. एक तिचा, तिला कळणार नाही इतका तसाच. एक माझा. माझा निळा. लाल अजिबात नको.

ता. क. आणि ते बूट खोक्यात घालून पाठवण्याआधी दुपारभर घरात घालून फिर. नवे वाटायला नकोत म्हणून म्हणतेय, बाकी काही नाही.

ता. क. दुकानात एकच जोड शिल्लक असेल तरी घे. तो किनुएला देऊन टाकीन. तिचाच आहे शेवटी.

(बघू.)